तुकोबांचा रुसवा

दुःखांत मुकाट्यानें राहणें हीच खरी श्रद्धा, अशी समजूत असलेल्यांना तुकोबांचें देवाशीं भांडण हा साधनेंतील कच्चेपणा वाटतो. आम्हांस तें पटत नाहीं. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत आपली एक पत्नी अन्नावाचून गेली, हें तुकोबांनीं स्वतःच सांगितलें आहे. करुणापर अभंगांत ते विठ्ठलाला निष्ठुर म्हणतात, त्याच्या मौनाचा जाब विचारतात. आपल्यापुरता देव उरलाच नाहीं, येथवरहि त्यांची मजल जाते. तरी पुन्हां हांक त्यालाच! ज्याच्या प्रेमाची खात्री नाहीं, त्याच्यावर कोणी रुसत नाहीं. म्हणून शोकाकुल माणसाला ‘देवाला बोल लावूं नये’ असा उपदेश करण्यापूर्वीं हे अभंग अवश्य वाचावेत. वाट पाहणाऱ्याचा रुसवा हीहि भक्तीच होय.