कशाचे ९३.६ टक्के?

कोर्सवर्कमध्ये प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागतो. पेट पास होऊन तुम्ही आत आलात की तुम्हालाही द्यावा लागेल. माझ्या सेमिनारच्या तिसऱ्याच स्लाइडवर एक वाक्य होतं: 'पोर्टफोलिओच्या परताव्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त परतावा हा मालमत्ता विभागणीतून येतो.' खाली संदर्भ होता, ब्रिन्सन, हूड आणि बीबावर, १९८६. मी हे झोकात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून मॅडमनी एवढंच विचारलं, "कशाचे ९० टक्के?"

मी म्हटलं, "परताव्याचे."

"पेपर वाचलायस का?"

वाचला नव्हता. तो आकडा मी दुसऱ्या एका लेखातून उचलला होता आणि त्या लेखकाने तिसऱ्याकडून. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची दोन वर्षं आर-स्क्वेअर शिकण्यात गेलेल्या मुलीने हे करावं, हे जास्त लाजिरवाणं. त्या रात्री मूळ पेपर उतरवून घेतला. आज त्याचीच समीक्षा करते, कारण हा आकडा तुम्हाला भेटणारच आहे; पेपरमध्ये नाही भेटला तर म्युच्युअल फंड विकायला आलेल्या माणसाच्या रंगीत माहितीपत्रकात भेटेल.

आमच्या घरी तो तिथेच भेटला होता. बाबा २०१९ मध्ये निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात होते. ओळखीतला एक सल्लागार घरी आला, चहा झाला, आणि त्याने गोल चकत्यांची चार चित्रं पुढे ठेवली. एक चकती निवृत्तीची, एक मुलांच्या शिक्षणाची, एक घराची, एक 'संपत्ती निर्मिती'ची. चकत्यांच्या खाली तोच ९० टक्क्यांचा आकडा. म्हणजे चकती बरोबर निवडली की काम फत्ते. धाकट्या बहिणीच्या फीसाठी 'शिक्षण' चकती निवडली गेली, आणि शिक्षण म्हणजे वाढ हवी म्हणून तिच्यात शेअर्सचा वाटा मोठा. पुढे २०२० चा मार्च आला. जानेवारीतल्या शिखरापासून निफ्टी दोन-सव्वादोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के खाली आला. फीचा हप्ता एप्रिलमध्ये भरायचा होता. बाबांनी पडलेल्या भावात युनिट्स विकली. बाजार नंतर वर आला, पण विकलेली युनिट्स काही परत येत नाहीत.

तर आता पेपर. लेखकांनी अमेरिकेतले ९१ मोठे पेन्शन फंड घेतले, १९७४ ते १९८३ अशी दहा वर्षं, तिमाही आकडे. प्रत्येक फंडासाठी दोन परतावे काढले. एक प्रत्यक्ष मिळालेला. दुसरा 'धोरणाचा', म्हणजे शेअर्स, रोखे आणि रोख रक्कम यांचं ठरलेलं प्रमाण कायम ठेवून, प्रत्येकाच्या जागी त्याचा निर्देशांक धरला असता तर मिळाला असता तो. शेअर्ससाठी एस अँड पी ५००, रोख रकमेसाठी ३० दिवसांची ट्रेझरी बिलं, वगैरे. मग प्रत्येक फंडासाठी स्वतंत्रपणे, पहिल्या मालिकेचं दुसऱ्या मालिकेवर रिग्रेशन केलं. ९१ आर-स्क्वेअर आले. त्यांची सरासरी ९३.६ टक्के.

बस्स, एवढंच आहे. आता नीट बघा की यात काय मोजलं. एकाच फंडाचा परतावा तिमाही-तिमाहीला जो वरखाली होतो, त्या हेलकाव्यांपैकी किती भाग धोरणाच्या हेलकाव्यांशी जुळतो, हे मोजलं. परतावा किती मिळाला, हे नाही. एक फंड दुसऱ्यापेक्षा चांगला का, हेही नाही.

विहिरीचं उदाहरण घेते. तुमच्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजा आणि गावातल्या पावसाशी ताडून पाहा. जुळणी भरपूर येईल. पाऊस झाला की चढते, उन्हाळ्यात उतरते. पण शेजारच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी आणि तुमची कोरडी, असं का, याचं उत्तर पाऊस देणार नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडला. तिथे खोली, खडक, झरे, उपसा हे सगळं आलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवणं ही चूक माझ्या स्लाइडवर होती.

तुम्हाला हे हातानेच करून बघायचं असेल तर एक काल्पनिक फंड बनवा. त्याचा परतावा म्हणजे दर तिमाहीला धोरणाचा परतावा वजा १ टक्का, न चुकता. आर-स्क्वेअर किती? पूर्ण १०० टक्के. स्थिर वजाबाकीने आर-स्क्वेअर हलतच नाही, ती इंटरसेप्टमध्ये जाऊन बसते. म्हणजे 'धोरण सगळं काही स्पष्ट करतं' असं म्हणता येईल, आणि तरी गुंतवणूकदाराचे वर्षाला जवळपास ४ टक्के गेलेले असतील.

आणि गंमत म्हणजे हा इंटरसेप्टचा मुद्दा पेपरच्या स्वतःच्या तक्त्यातच आहे! सरासरी धोरण-परतावा वर्षाला १०.११ टक्के, प्रत्यक्ष परतावा ९.०१ टक्के. म्हणजे व्यवस्थापकांनी वेळ साधून आणि शेअर्स निवडून सरासरी १.१० टक्क्यांची भर घातली नाही, तेवढे घालवले. मी हिशोब केला. या दोन दरांनी १ लाख रुपये वीस वर्षं ठेवले तर एकीकडे सुमारे ६ लाख ८६ हजार होतात, दुसरीकडे ५ लाख ६१ हजार. सव्वा लाखाचा फरक. पैसे देऊन पोर्टफोलिओ सांभाळायला देणाऱ्याने बघायचा आकडा हा होता. माहितीपत्रकात मात्र ९३.६ गेला. का ते तुम्हीच ओळखा.

लेखकांवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. त्यांनी 'परताव्यातील बदल' असंच लिहिलं होतं, 'बदल' हा शब्द पुढच्यांनी गाळला. पण त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला खटकते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. फंडांचं खरं ठरलेलं धोरण त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून दहा वर्षांत फंडाने प्रत्यक्षात जे प्रमाण ठेवलं, त्याची सरासरी काढून तेच 'धोरण' मानलं. म्हणजे फंडाचं वागणं बघून त्याचा हेतू ठरवायचा, आणि मग वागणं हेतूशी किती जुळतं ते मोजायचं. वर्तुळ पूर्ण नाही, कारण निर्देशांक बाहेरून आले आहेत. पण प्रमाणाच्या बाबतीत उत्तर थोडं आधीच आत घातलेलं आहे. शिवाय एखाद्या फंडाने मधेच धोरण बदललं असेल, तर तो बदल सरासरीत विरघळून जातो. प्रॉक्सी घेणं हा गुन्हा नाही, आपण सगळेच घेतो. ती घेतल्याने निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकतो, हे सांगायला हवं होतं.

२००० साली इबॉट्सन आणि कॅप्लन यांनी हा गुंता सोडवला. त्यांच्या पेपरचं शीर्षकच विचारतं की धोरण ४०, ९० की १०० टक्के स्पष्ट करतं, आणि उत्तर असं की तिन्ही. प्रश्न कोणता त्यावर अवलंबून. ९४ बॅलन्स्ड म्युच्युअल फंडांची दहा वर्षांची मासिक आकडेवारी. एका फंडाचे काळानुसार हेलकावे: ८१.४ टक्के. फंडाफंडांतला फरक: ४० टक्के. परताव्याची पातळी: सरासरी १०४ टक्के, म्हणजे धोरणानेच सगळं दिलं आणि व्यवस्थापनाने थोडं खाल्लं. तीच आकडेवारी, तीन प्रश्न, तीन उत्तरं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात एकच पेपर वाचायचा असेल तर मी हा सांगेन. छोटा आहे आणि गणित बी.एस्सी.च्या पलीकडचं नाही.

तरीही त्यातला ४० हा आकडा निसर्गाचा स्थिरांक असल्यासारखा वापरू नका. सगळ्या फंडांनी नेमकं ६०:४० प्रमाण ठेवलं असतं, तर फंडाफंडांतल्या फरकात धोरणाचा वाटा शून्य आला असता. धोरण बिनमहत्त्वाचं म्हणून नव्हे, सगळ्यांचं सारखं म्हणून. पुढे २०१० मध्ये इबॉट्सन यांनीच झिओंग आणि इतरांबरोबर दाखवलं की ९० च्या आसपासचे आकडे मुळात बाजाराच्या एकूण चढउतारातून येतात. तो काढून टाकला की धोरण आणि सक्रिय व्यवस्थापन साधारण समान ठरतात.

आता बाबांच्या चकतीकडे. या पेपरांत 'उद्दिष्ट' कुठे आहे? नाहीच. ९१ पेन्शन फंडांपैकी एकालाही एप्रिलमध्ये कॉलेजची फी भरायची नव्हती. उद्दिष्ट म्हणजे एक रक्कम आणि एक तारीख, आणि त्या तारखेला रक्कम कमी पडणं ही जोखीम. तिमाही विचरण ती मोजत नाही. छोटं उदाहरण बघा. १० लाख रुपये, दर वर्षाअखेर १ लाख काढायचे, तीन वर्षांचे परतावे उणे २०, अधिक १०, अधिक ३० टक्के. शेवटी ७ लाख ७१ हजार उरतात. हेच परतावे उलट्या क्रमाने आले तर ८ लाख ७६ हजार. सरासरी तीच, विचरण तेच. पैसे काढलेच नसते तर दोन्हीकडे ११ लाख ४४ हजार झाले असते. फरक फक्त क्रमाचा, आणि क्रम आर-स्क्वेअरला दिसत नाही. चकतीच्या चित्रालाही दिसत नाही.

याच दिशेने विचार करणारा पेपर म्हणजे दास, मार्कोविट्झ, शाइड आणि स्टॅटमन, २०१०. (हो, तेच मार्कोविट्झ.) त्यात प्रत्येक उद्दिष्टाचं वेगळं मानसिक खातं धरलं आहे, आणि जोखीम म्हणजे त्या खात्यात ठरावीक उंबरठ्याच्या खाली जाण्याची शक्यता. सामान्य माणसाला 'तुमचा जोखीम-विरोध गुणांक किती?' असं विचारण्यापेक्षा 'फीचे पैसे कमी पडण्याची किती शक्यता चालेल?' हे विचारणं कितीतरी बरं. पण मूळ मांडणी एकाच कालखंडाची आहे आणि परतावे नॉर्मल वितरणाचे मानलेत. मधे पैसे काढणं त्यात नाही, आणि मार्च २०२० सारख्या महिन्याला नॉर्मल वितरण जवळजवळ अशक्यच म्हणेल. म्हणजे बाबांचा प्रश्न इथे विचारला तरी गेला, पण सुटला नाही.

हे भारतीय फंडांवर करून बघायचं असेल तर एनएव्हीचा इतिहास ॲम्फीच्या साइटवर फुकट मिळतो. तुलनेसाठी लाभांश धरलेला, म्हणजे टोटल रिटर्न निर्देशांक घ्या, नाहीतर फंड उगाच हुशार दिसतील. मी ॲग्रेसिव्ह हायब्रिड फंडांपासून सुरुवात केली आणि लगेच अडले. सेबीच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार त्यांचा शेअर्समधला वाटा ६५ ते ८० टक्क्यांतच असायचा, म्हणजे फंडाफंडांतला धोरणाचा फरक नियमानेच आवळलेला. आर-स्क्वेअर कमी आला तर तो बाजाराबद्दल काही सांगतोय की सेबीच्या परिपत्रकाबद्दल? आणि बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंडांना तर ठरलेलं प्रमाणच नाही, तिथे 'धोरण' म्हणून काय धरायचं? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सरासरी सोडून दुसरं काहीतरी घेऊन ये. सध्या मी दर महिन्याच्या पोर्टफोलिओ जाहीरनाम्यांतून प्रमाणं हाताने उतरवतेय, अकरा फंड झालेत.