शून्य गुणांची चढाई

मिरजगावात कबड्डीचा विषय निघाला की पुणेरी पलटण आमचीच होते, कारण अस्लम इनामदार आमच्या नगर जिल्ह्याचा. तरी सगळ्यात जास्त बोलणी खातो तोच. "कॅप्टन असून पॉइंट किती?" म्हणत पोरं मोबाइल पुढे करतात.

मला हा हिशेबच खटकतो. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुण्याने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पहिला कप घेतला. एवढ्या थोड्या आघाडीवर शेवटी शेवटी निदान रेषा ओलांडून, कुणाच्या हाती न लागता परतणारा गडी घड्याळातले 30 सेकंद खाऊन येतो. आकड्यांत त्याच्यापुढे शून्य.

पुढच्या हंगामात पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. निकाल तयार होता: शादलुईला सोडलं म्हणून बुडालो. तो हरियाणाकडे गेला आणि त्यांनी आपल्याच बालेवाडीत कप उचलला, त्यामुळे राग समजतो. शादलुईच्या पकडी होत्याही तशाच. पण त्याच हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला, हे कुणी धरलंच नाही. 2025 मध्ये अस्लम परतला, शादलुई गुजरातकडे होता, आणि पुणे फायनलला. तिथे दिल्लीकडून 28-31 हार, की पुन्हा सुरू: कॅप्टनने केलं काय?

हे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हायलाइट्सच पाहिलेले असतात. रिकाम्या चढाया त्यात ठेवतं कोण!