वर्गणी, सोडत आणि कलावंताचं वर्ष

भोंगवलीसारख्या गावात वर्गणी म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. यात्रा जवळ आली की घरटी पट्टी ठरते, पोरं पावतीपुस्तक घेऊन निघतात, पुण्या-मुंबईला गेलेल्यांना फोन जातात. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी तिथे जातात, तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देऊन येतात. याला आपण यात्रेचा खर्च म्हणतो. आम्ही आज त्याला कलेचा आश्रय म्हणणार आहोत, आणि आश्रय म्हटलं की तो कसा दिला जातो हे तपासावंच लागतं.

वर्गणी काढून कला जगवायचा प्रयोग एकोणिसाव्या शतकात युरोपातही झाला. तिथे चित्र विकत घेणं हे सरदार-जमीनदारांचं काम होतं. शिक्षक, दुकानदार, कारकून यांच्या ऐपतीत ते बसत नव्हतं. मग 1834 मध्ये एडिंबऱ्याला आणि 1837 मध्ये लंडनला कलासंघ निघाले. लंडनच्या संघाची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग. जमलेल्या पैशातून प्रत्येक सभासदाला एक छापील चित्र मिळायचं. उरलेल्या पैशाची बक्षिसं आणि वर्षाअखेरीला सोडत. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी अस्सल चित्र.

आता चित्र निवडायचं कोणी? एडिंबऱ्यात समिती चित्रं घ्यायची. लंडनमध्ये विजेत्याला ठरावीक रक्कम मिळे आणि त्या वर्षीच्या प्रदर्शनांतून तो स्वतः चित्र निवडे. समितीने निवडावं तर चार जणांची आवड सगळ्यांवर लादली जाते. विजेत्याने निवडावं तर चित्रकार खपेल तेच काढू लागतो, अशी तक्रार होते. हा वाद पुढे आपल्या गावातही भेटणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

अमेरिकेतली गोष्ट जास्त बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या संघाची वर्गणी पाच डॉलर होती. 1848 मध्ये टॉमस कोल या चित्रकाराची माणसाच्या आयुष्याच्या प्रवासावरची चार चित्रांची मालिका सोडतीत ठेवली गेली. सभासद सोळा हजारांवर गेले, आणि 1849 मध्ये 18,960 झाले. चारही चित्रं मात्र एकाच माणसाला लागली. बाकीचे हजारो लोक चित्रासाठी आले होते की नशीब अजमावायला? उत्तर लवकरच मिळालं. 1852 मध्ये तिथल्या न्यायालयाने ही बेकायदा लॉटरी ठरवली आणि संघ बसला. सोडत गेल्यावर त्याला उभं ठेवायला दुसरं काही उरलं नव्हतं. ब्रिटनने 1846 मध्येच कायदा करून अशा संघांना संरक्षण दिलं होतं, म्हणून लंडनचा संघ विसाव्या शतकापर्यंत टिकला.

आपल्याकडे खासगी सोडतीची वाट 1870 मध्येच अडली. दंड विधानात कलम 294-अ आलं आणि सरकारी परवानगीशिवाय लॉटरीचं कार्यालय चालवणं गुन्हा झाला. छापील चित्रं मात्र घराघरांत पोचली, ती बाजाराच्या वाटेने. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. त्या लक्ष्मी-सरस्वतीसाठी कुणाला चिठ्ठी काढावी लागली नाही.

गावाच्या वर्गणीतही चिठ्ठी नसते. पन्नास रुपये देणारा आणि पाच हजार देणारा एकाच मैदानात बसून तोच वग बघतो. इथे हरणारा कुणी नाही. या बाबतीत आपली यात्रा लंडनच्या संघापेक्षा सरस आहे, असं आम्ही बेधडक म्हणतो.

पण दोष आहेत. पहिला निवडीचा. ठरवतात पंच, आणि त्यात बहुधा पुरुषच. ज्यांच्या घरातून पट्टी जाते त्या बायकांना कुणी विचारत नाही. मग वग आटोपता घ्या, सिनेमाची गाणी वाढवा, अशी फर्माईश होते. फडाला सुपारी हवी असते, तो मान्य करतो. पुढच्या वर्षी आपणच म्हणतो, तमाशात आता पूर्वीसारखा दम राहिला नाही! तो दम आपणच कापला, हे कुणी बोलत नाही.

दुसरा दोष मोठा. आपली वर्गणी एक रात्र विकत घेते. कलावंताचं वर्ष तिच्या हिशेबातच नसतं. 2020 आणि 2021 मध्ये यात्रा बंद राहिल्या तेव्हा फडांचं काय झालं ते आठवा. एक हंगाम गेला की पुढचं वर्ष कर्जात. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण त्यांची अखेर हलाखीतच झाली. 2002 मध्ये त्या गेल्या. 2006 मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी लागतो तो आधार, आणि आपण देतो तो हार.

कुणी म्हणेल, मग सोडत ठेवा, पैसा वाढेल. खेळ पैठणीचा ठेवला की मैदान भरतं, हे खरं. पण ती गर्दी पैठणीची असते. न्यूयॉर्कच्या सोळा हजारांसारखीच, बक्षीस संपलं की उठून जाणारी.

त्यापेक्षा आपल्या बायकांची भिशी बघा. तिथेही चिठ्ठी निघते, पण नशीब फक्त क्रम ठरवतं. पाळी प्रत्येकीची येते आणि पैसा कुणाचाच बुडत नाही. आसपासच्या पाच-सहा गावांनी हाच नियम तमाशाला लावून पाहावा. पट्टीतला ठरावीक वाटा एकत्र ठेवायचा. दरवर्षी त्यातून एका फडाला पावसाळ्यात, म्हणजे काम नसतं तेव्हा, आगाऊ रक्कम द्यायची आणि बदल्यात नवा वग मागायचा. तो पहिल्यांदा कोणत्या गावात होईल ते चिठ्ठीने ठरू द्या. बाकीच्या गावांची पाळी येईलच. आणि फड निवडायला बसणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात.

रक्कम लहान असेल, वाद होतील, एखादा वग पडेलही. पडू द्या. पडलेल्या वगाचेही पैसे कलावंताला मिळालेले असतील, आणि ते काम नसलेल्या महिन्यांत मिळालेले असतील. येत्या यात्रेची पट्टी ठरवायला बसाल तेव्हा एवढा एक विषय बैठकीत घ्या, इतकंच आमचं मागणं.