उचलीचा हिशेब पडद्यावर नाही

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. पुढे फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत सतरंजी, एक टेबल, दोन-चार खुर्च्या आणि वही उघडून बसलेला मॅनेजर. मंचर, घोडेगाव, आळेफाटा, पारनेर, शिरूर अशा चहूकडच्या भागांतून गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात. चहा होतो, तारीख जुळते का ते बघतात, मग आकड्यावर गाडी येते. मुली किती, वग कोणता, सकाळच्या हजेरीचा खेळ यातच धरायचा का, गेल्या साली पाऊस आला तेव्हा खेळ अर्धाच झाला त्याचं काय, अशी घासाघीस तासभर चालते. सुपारी ठरली की इसार दिला जातो आणि वहीत गावाचं नाव चढतं. फडाचं सारं वर्ष त्या वहीवर उभं असतं.

मी लहानपणापासून हे बघत आलो. मराठी पडद्यावर तमाशा येऊन सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला, पण मी पाहिलेल्या एकाही चित्रपटात किंवा मालिकेत ही राहुटी आणि ही वही मला भेटली नाही.

याचा विचार मनात पक्का झाला तो एका परक्या मालिकेमुळे. २०२०मध्ये आलेली ‘इंडस्ट्री’ ही लंडनमधल्या गुंतवणूक बँकेची गोष्ट. पिअरपॉइंट नावाच्या काल्पनिक बँकेत नुकतीच कॉलेजातून आलेली मुलं-मुली कामाला लागतात. अमली पदार्थ आणि शरीरसंबंध तिच्यात इतके भरलेत की बँकेतला माणूस रोज काम करतो तरी कधी, असा प्रश्न पडावा. तेवढी अतिशयोक्ती मला मान्य नाही. पण नवख्याची पायरी तिने अचूक पकडली आहे. शिकून आलेली मुलगी आधी सगळ्या टेबलाचं जेवण आणून देते. वरिष्ठाच्या लहरीवर तिचा दिवस ठरतो. पहिल्याच भागात रात्रंदिवस राबणारा एक मुलगा ऑफिसातच मरतो. आणि कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे ठरण्याच्या एका दिवसाची टांगती तलवार सगळ्यांच्या डोक्यावर आहे. हे जमलं, कारण मिकी डाउन आणि कॉनराड के हे तिचे दोन्ही लेखक स्वतः लंडनच्या बँकांत नोकरी करून आलेले. आपल्याकडे त्याच वर्षी आलेल्या ‘स्कॅम १९९२’नेही शेअरबाजाराच्या रिंगणातला जॉबर, त्याचे हातवारे, त्याची उधारी नीट दाखवली. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू या पत्रकारांनी शोधून काढलेला तपशील तिच्या पाठीशी होता.

म्हणजे धंद्यातल्या खालच्या पायरीवरच्या माणसाची गोष्ट सांगता येते, आणि लोक ती आवडीने बघतातही. मग आमच्या भागातला सगळ्यात जुना, सगळ्यात गाजता धंदा पडद्यावर आला की त्यातला पैसा आणि कष्ट नेमके गळतात कुठे?

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. पुण्याच्या विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. त्यात तमाशा आहे तो अन्यायाला वाचा फोडणारं व्यासपीठ म्हणून, आणि ते जोरकस आहे. पण तिथून जी वाट पडली ती पाटील, वाडा, सूड आणि लावणी यांच्यातच फिरत राहिली. १९७२च्या ‘पिंजरा’ची तांत्रिक सफाई कुणी नाकारणार नाही, डॉ. लागूंचा मास्तर विसरता येत नाही. तरी तो मुळात ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन चित्रपटाच्या कथेवर बेतलेला. त्यात मास्तरांना घसरायला एक उतार हवा होता आणि तो उतार म्हणून फड वापरला. फडावरची माणसं काय खातात, कुणाचं देणं लागतात, याच्याशी त्या कथेला कर्तव्य नाही. गावातल्या प्रतिष्ठितांच्या मनात तमाशाविषयी जी अढी बसली, तिला ‘पिंजरा’ने बळ दिलं असं माझं ठाम मत आहे.

जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ सोंगाड्याला माणूस म्हणून समोर आणतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांचं ते काम त्यांच्या इतर शंभर भूमिकांवर भारी आहे. पण कथा लवकरच फड सोडून सिनेमात आणि राजकारणात जाते. २०१०चा ‘नटरंग’ मात्र सत्याच्या सर्वांत जवळ पोचला. आनंद यादवांची कादंबरी पाठीशी असल्यामुळे गुणा या नायकाची मजुरी सुटणं, फड उभा करायची धडपड, नाच्याशिवाय फड चालणार नाही हे वास्तव, आणि नाच्या झालेल्या पुरुषाची घरात-दारात होणारी विटंबना, हे सगळं त्यात आहे. २०२२च्या ‘चंद्रमुखी’पर्यंत येताना पुन्हा रोषणाई वाढली आणि पुढाऱ्याचं प्रेमप्रकरण मध्यभागी आलं.

मालिकांची गत याहून वाईट. गावाकडची मालिका असली की जत्रेचा एखादा भाग येतो, नायिका किंवा पाहुणी अभिनेत्री नवी कोरी नऊवारी नेसून एक लावणी करते, खलनायक फेट्याचा शेमला उडवतो आणि भाग संपतो. लावणीच्या स्पर्धांच्या कार्यक्रमांनी नाचाला घराघरात मान मिळवून दिला, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण त्यांनी लावणी फडातून उचलून वेगळी ठेवली. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग हा रात्रभराचा पट होता, तो चार मिनिटांवर आला. ढोलकीवाल्याचा चेहराही आपल्याला धड दिसत नाही.

आता पडद्यामागचं सांगतो. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत दुपारी चारच्या सुमाराला मी कनातीच्या मागे गेलो होतो. रात्रीचा खेळ दुसऱ्या गावात करून, ट्रकमध्ये सामानावर बसून माणसं आली होती. बिगारी पोरं तंबूच्या दोऱ्या ताणत होती. विशीतली एक मुलगी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. तिची पत्र्याची पेटी शेजारी उघडी होती. झाकणाच्या आतून आरसा चिकटवलेला, एका कोपऱ्यात घुंगरांची जुडी, दुसऱ्या कोपऱ्यात पोराची दुधाची बाटली. पोर पेटीच्या सावलीत झोपलं होतं. भाकऱ्या झाल्यावर तिने हात धुतले, त्याच पेटीपुढे मांडी घातली आणि तोंडाला रंग लावायला घेतला. रात्री ती तिसऱ्या ओळीत नाचली. वगात तिला एक वाक्य होतं. सकाळी हजेरीला पुन्हा तीच उभी होती, डोळे लाल.

तिने उचल घेतलेली होती. उचल म्हणजे हंगामाआधी फडमालकाने दिलेली आगाऊ रक्कम. घरचं आजारपण, बहिणीचं लग्न, पावसाळ्याचे चार बेकार महिने, सगळं त्यातून भागवायचं आणि दसऱ्यापासून पुढे पगारातून फेडायचं. फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. दुसऱ्या फडात जायचं तर नव्या मालकाने आधीची बाकी भरायची. मालकही मोकळा नसतो. सुपाऱ्यांच्या भरवशावर त्याने सावकाराकडून व्याजाने पैसा उचललेला असतो. पिअरपॉइंटमधल्या पोरांना जो दिवस छळतो, तो इथे दर हंगामाअखेर येतो. नाट्य यात किती आहे! पण मराठी पटकथेला ते अजून दिसलेलं नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच नारायणगावच्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदकं मिळवणारी, २००२मध्ये हलाखीत गेलेली ही कलावती. खेळ चालू असताना पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा प्रसंग सगळे सांगतात. सांगावाच. पण त्या रात्री बाई आत असताना बोर्डावर वेळ कुणी मारून नेली, दुसऱ्या दिवशीचा खेळ कुठे होता, हे विचारणारा लेखक हवा. दंतकथेत थोर कलावंत उरतो आणि बाकीचा फड पुसला जातो.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवसापासून लागू झाली. जत्रा गेल्या, पुढच्या सालीही गेल्या. घेतलेली उचल मात्र राहिली. यावर एक मालिका निघाली असती तर तिला कथानक शोधावं लागलं नसतं.

आतून लिहिलं की काय होतं, याचा दाखला जुन्नर तालुक्यातच आहे. राजुरीच्या मंगेश हाडवळेंनी ‘टिंग्या’ हा चित्रपट केला तेव्हा बैल जायबंदी झालेल्या घराचं दुःख त्यांना कुणाकडून ऐकावं लागलं नाही. त्यातली बोली, त्यातली माती, त्यातली कर्जाची भीती आमचीच होती, आणि शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटाला शेतकऱ्याचा कळवळा वेगळा आणावा लागला नाही, हिशेबातूनच तो आला.

फडातली आजची मुलं-मुली शिकतायत. त्यांच्यातल्या कुणी लिहायला बसलं तर वाहिन्यांनी त्याच्याकडून निव्वळ माहिती घेऊन दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. लेखक म्हणून त्याचं नाव आणि मानधन द्यावं. आणि ज्यांना बाहेरून येऊनच लिहायचं आहे त्यांनी पाडव्याच्या आधी नारायणगावला यावं. पुण्याहून ते सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. एखाद्या राहुटीत परवानगी मागून दिवसभर बसावं, वही बघावी, मग रात्री ट्रकमागे एका गावाला जावं आणि सकाळची हजेरी संपेपर्यंत थांबावं.