'तेव्हा' आणि 'आता'

जॉन बेली यांचे 'आयरिस' हे पुस्तक प्रथम वाचले त्या वेळी समासात पेन्सिलीने मी एक प्रश्न लिहून ठेवला होता : 'हा अधिकार यांना दिला कोणी?' बऱ्याच वर्षांनी परवा तीच प्रत पुन्हा हाती घेतली. मधल्या काळात आमच्या घरात पार्किन्सनचा आजार शिरला आणि त्याच्या मागोमाग पत्नीची स्मृतीही ढासळू लागली. तेव्हा पुढील मजकूर तटस्थ समीक्षकाचा आहे, असा दावा मी करीत नाही.

आयरिस मर्डॉक (1919–1999) ही इंग्रजीतील मोठी कादंबरीकर्त्री आणि तत्त्वज्ञानाची अध्यापिका. सव्वीस कादंबऱ्या तिच्या नावावर आहेत. 'द सी, द सी'ला 1978 साली बुकर पारितोषिक मिळाले. बेली ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक होते. दोघांचे लग्न 1956 साली झाले. उतारवयात तिला अल्झायमरचा विकार जडला आणि 1998 साली, ती हयात असतानाच, पतीने हे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या आवृत्तीच्या नावात तर चक्क 'एलेजी' हा शब्द आहे. जित्या माणसाची विलापिका! माझा आक्षेप होता तो इथेच. जिच्याविषयी लिहिले तिला ते वाचता येत नव्हते, आणि नको म्हणण्याइतके शब्दही तिच्यापाशी उरले नव्हते.

पुस्तकाचे दोन भाग आहेत, 'तेव्हा' आणि 'आता'. आरंभीच वृद्ध जोडपे नदीत पोहायला जाते; याच पाण्यात ती दोघे तरुणपणी उतरली होती. आता तिचे कपडे उतरवितानाच झटापट होते. 'तेव्हा'चा भाग रसाळ आहे, पण तो कसलेल्या निबंधकाराचा आहे. घरातला पसारा, स्वतःचा वेंधळेपणा, तिचे मित्र आणि त्यांच्याविषयीचा याचा मत्सर, हे सारे तो अशा मिस्किलपणे सांगतो की, दुखरी जागा आली की हा विनोदाच्या आड दडतो, हे लवकरच ध्यानात येते. तिथे मला तो आजही पुरता पटत नाही.

'आता'मध्ये मात्र 1997 सालातल्या, तारखा घातलेल्या नोंदी आहेत, आणि पुस्तकाचा जीव इथे आहे. या दुखण्याला कथानक नसते. निघायचे कधी, हा एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारते. तो उत्तर देतो. ती पुन्हा विचारते. अशा जगण्याला रोजनिशीवाचून दुसरा घाट शोभलाच नसता. सकाळी दोघे मिळून 'टेलिटबीज' हा तान्ह्या मुलांसाठीचा दूरदर्शनवरचा कार्यक्रम पाहतात. पहिल्या वाचनात एका तत्त्वज्ञ बाईची ही अवस्था मला केविलवाणी वाटली होती. आता त्यांचा हेवा वाटतो. तेवढा वेळ घर शांत असते.

आणि बेली चिडतात. तिच्यावर ओरडतात, मग ओशाळतात, आणि दोन्ही लिहून ठेवतात. आपल्याकडे जोडीदाराच्या आजारपणाविषयी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 साली निघाले, न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. त्यातले शेवटच्या दुखण्याचे वर्णन वाचताना आजही घसा दाटतो. पण तिथे संतापाला जागा नाही. पत्नीने केलेली सेवा हा तिचा धर्म, आणि धर्म पाळताना कोणी चिडत नसते. पतीने तीच सेवा केली की तिचे पुस्तक होते आणि 2001 साली चित्रपटही निघतो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आमच्या आळीत नवऱ्याचे असलेच दुखणे बारा वर्षे काढणारी एक बाई होती. तिला कोणी एकदाही 'दमलात का?' असे विचारले नाही. मीही नाही.

माझी पत्नी स्वतःच्या घरात बसून 'घरी कधी जायचे?' म्हणून विचारते. एका रात्री मी तिला जे उत्तर दिले ते इथे लिहिण्याचे धैर्य मला नाही. बेलींना ते होते. समासातल्या माझ्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर नव्हे. तिची संमती नव्हती ती नव्हतीच. पण जो लेखक तिचे हाल सांगताना स्वतःला झाकून घेत नाही, त्याच्यावर नुसता अनधिकाराचा ठपका ठेवणे मला आता जमत नाही.

2005 साली तिच्या तीन कादंबऱ्यांच्या भाषेचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. 1995 सालच्या 'जॅक्सन्स डायलेमा' या अखेरच्या कादंबरीत शब्दसंपत्ती आटली होती, वाक्यरचना मात्र जवळपास शाबूत होती, असे त्यात दिसून आले. त्या आधीच लिहिलेल्या या रोजनिशीत मला तेच दिसते. शब्द गेले तरी हात धरणे, मागे मागे फिरणे, एकाच्या ताटातले दुसऱ्याने खाणे, ही संसाराची जुनी मांडणी पुष्कळ काळ टिकून राहते.

पुढल्याच वर्षी, 1999 साली, बेलींचे दुसरे पुस्तक आले. त्यात ती शेजारी झोपलेली असताना हा अंथरुणात पडल्या पडल्या आपल्या बालपणात आणि लष्करातल्या दिवसांत हिंडून येतो. ते पसरट आहे, पहिल्याची सर त्याला नाही. मीही एकेकाळी ते अर्ध्यावर टाकले होते. सध्या रोज रात्री, शेवटची गोळी देऊन झाली की, त्यातली चार-पाच पाने वाचतो.