लुगड्याचा रंग कुणी विचारला?

आजचा विषय तसा साधा आहे. घरातला जुना फोटो मोबाइलमध्ये घ्यायचा, एआयला सांगायचं ‘याचं चित्र करून दे’, की थोड्याच वेळात चित्र हातात. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत ही सोय आली आणि जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाटच उसळली. नंतर तशी कितीतरी ॲप्स निघाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी एखादं तरी चित्र करून पाहिलं असेल. आम्हीही पाहिलं. त्यातून जे हाती लागलं, त्याची चिकित्सा आज करू.

प्रयोग झाला शिरड शहापूरला, आमच्या नात्यातल्या एका घरी. फोटो घरातल्या थोरल्या काकूंच्या सासूबाईंचा. काकू त्यांना आत्याबाई म्हणतात. त्या बाईंचा आयुष्यभरात काढलेला हा एकच फोटो. स्टुडिओतली लाकडी खुर्ची, मागे खांब आणि जिना रंगवलेला पडदा, अंगावर नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, चेहऱ्यावर देवीचे व्रण. काकूंच्या नातवाने तो एका ॲपमध्ये घातला. चित्र आलं तशी पोरं खूश झाली. काकूंनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्या आत्याबाई नाईत बाबा. दुसरीच कुणी चांगली बाई हाय ही.”

आमच्या मते त्या चित्राची समीक्षा इथेच झाली होती. आम्ही फक्त तिचा विस्तार करतो.

यंत्राने काय केलं ते बघा. व्रण पुसले. गोंदण डाग समजून काढून टाकलं. सावळ्या बाईला गोरं केलं. लुगडं हिरवं केलं. आणि गंमत म्हणजे मागच्या रंगवलेल्या पडद्याचा खराखुरा वाडा झाला. जन्मभर शेतमजुरी केलेली बाई वाड्याच्या जिन्यापाशी जाऊन बसली. चित्र देखणं आहे, रेषा मऊ आहेत, हे मान्य. पण सगळे बदल एकाच दिशेने झालेत. जे जे तिचं स्वतःचं होतं, ते जाऊन तिथे कुणाचंही चालेल असं काहीतरी आलं.

कुणी म्हणेल, सर, स्टुडिओवाले तरी काय वेगळं करत होते? प्रश्न रास्त आहे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवणं हा त्या धंद्याचा भागच होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत हाताने रंग भरून मिळत. आणि तो पडदा तर धडधडीत खोटा. म्हणजे ‘फोटो खरा, चित्र खोटं’ एवढ्यावर आपला आक्षेप टिकायचा नाही. पण रंग भरणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाला विचारावं लागे, लुगडं कोणत्या रंगाचं होतं? घरचे सांगत, क्वचित आपसात वादही घालत. यंत्राने विचारलं नाही. त्याने धरून चाललं.

असं का होतं? हे यंत्र असंख्य चित्रं आणि त्यांची वर्णनं यांवर शिकलेलं असतं. ‘नऊवारीतली म्हातारी’ म्हटलं की बहुधा काय काय आढळतं, त्याचा हिशेब ते मांडतं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यासाची चर्चा केली आहे. सोपं करून सांगायचं तर, आधी दुसरीकडे पाहिलेलं काहीतरी समोरच्या वस्तूवर दिसू लागणं म्हणजे अध्यास. दोरीवर साप दिसतो तो असा. एआयच्या चित्राला याहून चपखल शब्द आम्हाला सुचत नाही. भलतीकडे पाहिलेलं हिरवं लुगडं आत्याबाईंच्या अंगावर चढलं. दिवा आणला की साप जातो, दोरी दिसते. इथे दिवा कोण? काकू. आणि काकूंनी ऐंशी कधीच ओलांडली.

याच गावात मल्लिनाथांचं दिगंबर जैन मंदिर आहे. तीर्थंकरांच्या मूर्ती पाहा. मुद्रा जवळजवळ सारखीच. कोण कोणते, हे बहुतेक वेळा लांछनावरून ओळखायचं. मल्लिनाथांचं लांछन कलश. तिथे सारखेपणा हवाच, कारण ज्याचे ‘मी-माझे’ गळून पडले त्याचं दर्शन घडवायचं असतं. घरच्या फोटोचं याच्या उलट. आत्याबाईंचं लांछन म्हणजे ते व्रण. देवी रोगाचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केलं. असा चेहरा म्हणजे त्याआधीच्या काळाचा दाखला. व्रण पुसले की बाई गेली आणि तिचा काळही गेला.

मग दुसरा प्रयोग केला. आम्ही काकूंना विचारत गेलो, नातू टाइप करत गेला. लुगडं जांभळं, काठ लाल. पडदा पडदाच राहू दे. व्रण ठेव. गोंदण ठेव. हे चित्र पुष्कळ बरं आलं. तरी गोंदणाची नक्षी भलतीच निघाली. काकू म्हणाल्या, “हे कुण्या गावचं गोंदण?” पण त्या तासाभरात घरात कधी न निघालेल्या गोष्टी निघाल्या. देवी आल्या तेव्हा आत्याबाई पाच वर्षांच्या होत्या. त्याच साथीत त्यांचा पाठचा भाऊ गेला. नातवाला हे पहिल्यांदाच कळलं. टाइप करायचा तो थांबला.

काळजी कशाची आहे? मूळ फोटोचा कागद पिवळा पडतोय आणि पोरांच्या मोबाइलमधून फिरतंय ते पहिलं, गोरं चित्र. वीस वर्षांनी पणजी म्हणून कुणाला दाखवतील?

आम्ही बंदीची भाषा करणार नाही. चित्रं जरूर करा. फक्त आधी मूळ फोटोची चांगली प्रत काढून ठेवा, चित्राखाली ‘एआयने केलेलं’ असं लिहा आणि ज्यांनी त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलंय त्यांना आधी विचारा. ते जे सांगतील ते वहीत उतरवा, मग चित्र कसंही येवो.

काकूंनी भिंतीवर फोटोच ठेवायला सांगितलाय. त्याची काच तडकली आहे, तेवढी बदलायची राहिली आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.