बास गिटार : स्वर मिटविण्याची कला

बास गिटारवर आजच्या तरुण वादकांचे जे हस्तकौशल्य सर्रास आढळते, ते या वाद्याच्या पहिल्या पिढीतील थोरांनाही चकित करणारे ठरले असते. तथापि त्या कौशल्याची छाननी करू गेल्यास असे दिसते, की स्वर कोठे आरंभावा याचा जितका सूक्ष्म विचार हा वादक करतो, त्याच्या चतुर्थांशही विचार तो स्वर कोठे संपवावा याविषयी करीत नाही, आणि माझ्या मते या कलेचे सांप्रतचे सर्वांत मोठे वैगुण्य हेच होय.

हा प्रश्न वाद्याच्या घडणीतूनच उद्भवलेला आहे. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' सिद्ध केला, तेव्हा उभ्या डबल बासवर केवळ कानाच्या भरवशावर शोधावा लागणारा स्वर, मानेवरील पडद्यांमुळे, म्हणजे फ्रेटमुळे, बोटाखाली बिनचूक सापडू लागला, आणि पिकअप व अ‍ॅम्प्लिफायर यांच्या योगे तो ड्रमच्या गदारोळातही ऐकू येऊ लागला. परंतु डबल बासवर बोटाने छेडलेला स्वर आपोआप लवकर विरत असे, तो येथे भरीव लाकडामुळे दीर्घकाळ रेंगाळू लागला. सर्वांत जाड तारेचा नाद सुमारे ४१ हर्ट्झ इतका खोल असतो. असा एक नाद दुसऱ्यात मिसळला, की स्वरसंगतीचा पाया गढूळ होतो, आणि त्याच प्रदेशात वावरणाऱ्या किक ड्रमचा आघातही बोथटतो. म्हणून डाव्या हाताचे बोट पडद्यावरून किंचित सैल करून किंवा उजव्या तळहाताचा स्पर्श देऊन नाद योग्य क्षणी मिटविणे, ही या वाद्याची निम्मी विद्या आहे.

ती विद्या परिपूर्ण रूपात पाहावयाची असेल, तर डेट्रॉइट शहरातील वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील त्या लहानशा घराकडे वळावे लागते, जेथे मोटाऊन कंपनीचा स्टुडिओ होता आणि ज्या दाटीच्या खोलीला तेथील वादक 'स्नेकपिट' म्हणत. जेम्स जेमर्सन हे तेथील मुख्य बासवादक. शाळेत डबल बासवर तयार झालेला त्यांचा हात पुढे १९६२ च्या 'प्रिसिजन'वर स्थिरावला. उजव्या हाताची केवळ तर्जनी ते छेडण्यासाठी वापरीत. तारा जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या, आणि तुटेपर्यंत बदलावयाच्या नाहीत असा त्यांचा शिरस्ता. ब्रिजवरील झाकणाखालचा फोमचा तुकडाही त्यांनी काढून टाकला नाही. या सर्व बंदोबस्ताचा परिणाम असा, की स्वर ठसठशीत उमटे आणि चटकन मिटे. जेमर्सन यांच्या वादनात कोमल-तीव्र स्वरांची जी धावती वळणे आणि तालाला हुलकावणी देणारे जे आघात दाटीवाटीने येतात, ते गायकाच्या शब्दांना यत्किंचितही बाधा आणीत नाहीत, याचे श्रेय लोक त्यांच्या कल्पनाशक्तीला देतात. ते यथार्थच आहे, परंतु प्रत्येक स्वर वेळीच जागा सोडून देतो म्हणूनच ती कल्पनाशक्ती ऐकू येते, ही गोष्ट क्वचितच कोणी नमूद करतो. फोर टॉप्स यांचे 'बर्नाडेट' (१९६७) केवळ स्वरांच्या शेवटाकडे कान ठेवून ऐकावे, म्हणजे याचा दाखला मिळेल. अशा वादकाचे नाव तबकडीवर छापले जावे यासाठी १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'पर्यंत वाट पाहावी लागली. तोवर ठरलेला मेहनताना घेऊन निनावी काम करणे हाच त्या कारभाराचा दंडक होता. ही केवळ एका माणसावर झालेली उपेक्षा नव्हे. ज्याचे नावच दप्तरात नाही, त्याच्या हाताचे रहस्य पुढील पिढीने विचारावे कोणाला?

लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के यांनी हेच साध्य निराळ्या मार्गाने, म्हणजे ब्रिजजवळ तारांवर फेल्टची पट्टी ठेवून आणि पिकने वाजवून, गाठले.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात, विशेषतः राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्यांनी बास गिटार हाताळली, तेव्हा या प्रश्नाला आणखी एक पदर लाभला. कारण तबल्याच्या डग्ग्याची घुमारीही त्याच खोल प्रदेशातली, आणि सबंध वाद्यवृंद एकाच वेळी एकाच दालनात ध्वनिमुद्रित होत असल्यामुळे डग्ग्याला वाट करून देण्याचा निर्णय बासवादकाला जागच्या जागी घ्यावा लागे. स्टाफ नोटेशन वाचणाऱ्या गोवेकर वादकांना यात एक लाभ होता, तो असा, की त्या लेखनपद्धतीत विश्रांतीलाही स्वराइतकेच स्पष्ट चिन्ह असते.

१९७६ साली जॅको पास्टोरियस यांची पहिली तबकडी आली आणि बासवादक हा स्वतंत्र नायक होऊ शकतो हे सिद्ध झाले. त्यांच्या अनुयायांनी मात्र त्यांचा वेग उचलला आणि त्या वेगाच्या पोटात दडलेले मूक आघात वगळले, असे मला खेदाने म्हणावेसे वाटते. मुंबईच्या मोहिनी डे यांचे अतिद्रुत वादन ऐकताना स्वरांची टोके स्वच्छ राहतात, म्हणून त्यांचा वेग मला पटतो. त्यांच्या नकला पटत नाहीत.

शिक्षणक्रमाकडे पाहावे, तर बहुतेक शिकाऊ वादकांच्या हाती प्रथम 'टॅब' पडते. कोणत्या तारेवर कितवा फ्रेट दाबावा एवढेच ती पद्धत सांगते. स्वर किती काळ टिकवावा याविषयी ती बहुधा मौन पाळते. एकांतात, ड्रमवादकाविना, पाठ झालेले असे तुकडे कितीही निर्दोष वाटले, तरी दुसऱ्या माणसाच्या आघाताशी गाठ पडेपर्यंत त्यांतील दोष उघड होत नाही.

आणि ही गाठ आता स्टुडिओतही पडेनाशी झाली आहे. वादक घरी बसून बासची तार थेट संगणकाला जोडतो, ड्रम आधीच यंत्राने रचलेले असतात, आणि लांबलेल्या स्वरांची शेपटे नंतर ध्वनिसंपादक पडद्यावर पाहून कातरतो. कातरकाम सुबक असते, त्यात शंका नाही. परंतु ते पाहून एखादा विद्यार्थी त्या तबकडीवरील बासवादकाकडून स्वर मिटविणे शिकू गेला, तर तो ज्या निर्णयाचे अनुकरण करीत असतो, तो त्या वादकाने घेतलेलाच नसतो.